सहा लाख भागिले मिनिटं: एका डीव्हीडीत किती मावतं आणि काय बिघडतं

जत्रेतला दशावतार मध्यरात्री उभा राहतो आणि धयकाल्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या दहीकाल्यापर्यंत, उजाडतं. कॅमेरा सुरुवातीपासून चालू ठेवला तर पाच तासांचं रेकॉर्डिंग सहज होतं. मग मागणी येते: "एकाच तबकडीत बसवा, बदलायची कटकट नको." सॉफ्टवेअर 'डिस्कमध्ये बसवा' असं बटण देतं आणि पाच तास खरोखरच बसतात. आडदसर, म्हणजे सुरुवातीचा भाग, बरा दिसतो, कारण गणपती, रिद्धी-सिद्धी फारसे हलत नाहीत. पहाटे युद्ध सुरू झालं की तलवारींच्या जागी चौकोन नाचू लागतात, मुकुटावरची टिकली विरघळते आणि राक्षसाच्या रंगवलेल्या चेहऱ्याचा डाग होतो. ज्या प्रसंगासाठी लोक रात्रभर जागे राहतात तोच प्रसंग डीव्हीडीवर सगळ्यात वाईट दिसतो. हे टाळता येतं, फक्त हिशोब बर्न करताना, म्हणजे तबकडी लिहिताना, नव्हे तर एन्कोडिंगच्या, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या, आधी करावा लागतो.

हिशोब असा. साध्या एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते दशमान पद्धतीचं, म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज तीच जागा ४.३७ जीबी दाखवतं. तबकडी खोटी नसते, दोन्हीकडची मोजायची पद्धत वेगळी आहे. ४७० कोटी बाइटचे बिट केले की ३,७६० कोटी होतात. त्यातला चारेक टक्के भाग पॅकिंग, मेनू आणि प्लेअरला वाट दाखवणाऱ्या आयएफओ फायलींसाठी सोडायचा. उरतात सुमारे ३,६०० कोटी बिट, म्हणजे ३ कोटी ६० लाख किलोबिट. याला ६० ने भागलं की लक्षात ठेवायचा आकडा मिळतो: सहा लाख. सहा लाखाला एकूण मिनिटांनी भागायचं, जे येईल तो एकूण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या वाट्याला येणारे बिट, किलोबिटमध्ये. त्यातून आवाजाचे वजा केले की चित्राचे उरतात.

९० मिनिटांना ६,६६६ येतात. दोन तासांना ५,०००. अडीच तासांना ४,०००. तीन तासांना ३,३३३. पाच तासांना २,०००, त्यातून आवाजाचे २२४ गेले की चित्राला पावणेअठराशे. ७२० बाय ५७६ च्या पूर्ण चौकटीला एवढ्यात जगता येत नाही. व्हीसीडीचं चित्र याच्या चौथ्या हिश्श्याएवढं, ३५२ बाय २८८, आणि त्यालाही १,१५० लागत. म्हणजे चौपट मोठ्या चित्राला दीडपटीहून थोडंच जास्त अन्न.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. तासाभराचं लग्न असेल तर सहा लाख भागिले साठ म्हणजे १०,००० येतात, पण डीव्हीडीच्या नियमात चित्राला कमाल ९,८०० आणि सगळं मिळून १०,०८०. घरी बर्न केलेल्या तबकडीला तिथपर्यंतही नेऊ नये. जुन्या प्लेअरची लेझर बर्न केलेली तबकडी छापील तबकडीपेक्षा कष्टाने वाचते. बिटरेट वाढला की अशा प्लेअरवर चित्र क्षणभर थबकतं आणि लोक म्हणतात 'डिस्क खराब आहे'. कमाल ८,००० वर बांधून ठेवा. तासाभराच्या कार्यक्रमात तबकडीची थोडी जागा रिकामी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

पण बिटरेटचा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण प्रत्येक दृश्याची भूक वेगळी. एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीची चित्र दाबायची पद्धत, चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि मागच्या चित्रातला कुठला चौकोन कुठे सरकला एवढंच पुढे लिहितं. दर १२ ते १५ चित्रांमागे एक चित्र पूर्ण लिहिलं जातं, मधली सगळी फरकांवर चालतात. भटजी बसून मंगलाष्टका म्हणताहेत, मागे भिंत स्थिर आहे, तर फरक जवळजवळ नसतोच. असं दृश्य ३,००० मध्येही स्वच्छ दिसतं.

आता शिमग्याची पालखी घ्या. ती ढोलाच्या ठेक्यावर खांद्यांवर वरखाली नाचते, भोवती पन्नास हात वर, आणि त्यावर गुलाल उधळलेला. गुलालाचा प्रत्येक कण स्वतंत्र दिशेला जातो. मागच्या चित्रातला कुठलाच चौकोन पुढच्या चित्रात सापडत नाही, म्हणून एन्कोडरला जवळजवळ प्रत्येक चित्र नव्याने लिहावं लागतं. जागा तेवढी नसेल तर तो बारकावे टाकतो आणि ढगाचे चौकोनी ठोकळे होतात. त्यात रंग लाल. डीव्हीडीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी-उभी अर्धी साठवली जाते, त्यामुळे गडद लाल गुलालाच्या कडा आधीच जाडसर असतात. ठोकळे सगळ्यात आधी लालमध्ये दिसतात, ते यामुळेच. किनाऱ्यावर फुटणारी लाट, पावसाची झड, वाऱ्यात हलणाऱ्या माडाच्या झावळ्या या तिन्हींची गत अशीच. लग्नाच्या डीव्हीडीच्या सुरुवातीला समुद्राच्या लाटांवर नवरा-नवरीचं नाव सरकवायची हौस असते. तो अर्धा मिनिट तेवढ्याच वेळाच्या शांत दृश्यापेक्षा कितीतरी जास्त बिट खाऊ शकतो.

या सगळ्यांपेक्षा जास्त फुकट खाणारी गोष्ट म्हणजे अंधारातली खरखर. देवळाच्या सभामंडपात चार ट्यूबलाइट आणि एक हॅलोजन, कॅमेरा ऑटोवर, म्हणून त्याने गेन, म्हणजे अंधारात चित्र उजळवायचा जोर, वाढवलेला. पडद्यावरच्या काळोखात बारीक दाणे वळवळत राहतात. डोळ्यांना ते फारसे जाणवत नाहीत, एन्कोडरला मात्र तो गुलालच वाटतो. काळ्या पार्श्वभूमीवर, जिथे बघण्यासारखं काही नाही, तिथे बिट वाहून जातात आणि नटाच्या चेहऱ्याला उरत नाहीत. उपाय शूटिंगच्या वेळीच आहे: गेनला मर्यादा घाला, शटर ५० वर, म्हणजे एक पन्नासांश सेकंदावर, ठेवा, एक जास्तीचा दिवा मागा. पॅल, म्हणजे आपल्याकडच्या सेकंदाला २५ चौकटींच्या पद्धतीत, शटर ५० ठेवलं की ५० हर्ट्झच्या विजेवरच्या दिव्यांची फडफडही चित्रात येत नाही. रेकॉर्डिंग होऊन गेलं असेल तर एन्कोडिंगच्या आधी खरखर पुसणारा हलका डीनॉइज फिल्टर लावा. हलका म्हणजे खरोखर हलका. जोर लावला की रंगभूषा केलेले चेहरे मेणाचे दिसतात आणि हात हलताना मागे सावली ओढली जाते.

तिवई ही बिटरेट वाचवायची सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. हातातला कॅमेरा सतत थोडा डुलतो, म्हणजे स्थिर भिंतसुद्धा प्रत्येक चित्रात हलते. तोच प्रसंग तिवईवरून घेतला तर कमी बिटरेटमध्ये तेवढाच स्वच्छ दिसतो. दर पाच सेकंदांनी झूम आत-बाहेर करण्याची सवयही अशीच महाग पडते. एडिटिंगमध्ये पानं उलटण्याचे, तारे उडण्याचे इफेक्ट कमी करा. साधा कट एन्कोडरला सोपा जातो, उडते तारे नाही.

आवाजात लपलेली जागा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर डीव्हीडीला न दाबलेला पीसीएम आवाज देतात, १,५३६ किलोबिटचा. एसी-३ या दाबलेल्या आवाजात १९२ पुरतात. फरक १,३४४ चा, आणि दोन तासांत तो १.२ जीबी होतो; तबकडीचा चौथा हिस्सा फक्त आवाजाच्या आळसात गेला. भाषणांना, मंगलाष्टकांना १९२ चालतात. दशावतारात पायपेटी, पखवाज आणि झांज एकदम वाजतात. कमी बिटरेटवर झांजेचा आवाज फिसफिसतो, म्हणून तिथे २२४ किंवा २५६ द्यावेत. पीसीएम फक्त तासाभराच्या गाण्याच्या बैठकीसाठी ठेवावा, जिथे चित्र स्थिर आणि कानाला महत्त्व आहे.

मग एन्कोडिंग. ठरावीक बिटरेट, म्हणजे सीबीआर, भटजींनाही ५,००० देतो आणि गुलालालाही ५,०००. एकाला ते जास्त, दुसऱ्याला कमी. दोन फेऱ्यांचा व्हीबीआर, म्हणजे बदलता बिटरेट, पहिल्या फेरीत अख्खं रेकॉर्डिंग नुसतं तपासतो, कुठे किती भूक आहे याची नोंद करतो, आणि दुसऱ्या फेरीत शांत दृश्यांकडून काढून धावत्या दृश्यांना देतो. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण अडीच तासांच्या पुढच्या कामात दुसरा पर्याय नाही. सरासरी म्हणजे सहा लाखाच्या हिशोबातून आलेला आकडा, कमाल ८,०००, किमान मोकळं सोडा. सरासरी आणि कमाल यांत अंतर नसेल तर दोन फेऱ्यांचा काही उपयोग होत नाही. ९० मिनिटांच्या आतल्या कामाला एक फेरी पुरते.

आणि पाच तासांचं काम रात्री लावून झोपायच्या आधी दोन मिनिटांची चाचणी करा. सगळ्यात कठीण दोन मिनिटं कापा: युद्ध, गुलाल, वरातीतला नाच. दोन फेऱ्यांत अशा दृश्यांना सरासरीपेक्षा जास्त वाटा येतो, म्हणून ती सरासरीच्या साधारण दीडपट बिटरेटवर एन्कोड करा आणि कॉम्प्युटरवर नव्हे, टीव्हीवर बघा. तिथे ठोकळे दिसले तर सेटिंगशी खेळत बसू नका. मिनिटं कमी करा किंवा तबकडी वाढवा.

चौकट अर्धी करण्याचा एक मार्ग आहे, आणि तो चुकीच्या ठिकाणी फार वापरला जातो. डीव्हीडीच्या नियमात ३५२ बाय ५७६ ही चौकटही बसते. आडवे ठिपके अर्धे, म्हणून अडीच हजारांतही चित्र फुटत नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेटी उतरवायला ही चौकट उत्तम. व्हीएचएसमध्ये मुळात आडवा तपशील सुमारे २४० रेषांचा. पूर्ण ७२० ची चौकट दिली तर आपण फक्त कॅसेटची खरखर जास्त बारकाईने साठवतो. ७२० चे ३५२ करताना दोन्ही बाजूंचे आठ-आठ ठिपके कापून ७०४ करा आणि मग अर्धे करा, म्हणजे चेहऱ्यांचं प्रमाण बिघडत नाही. कॅसेटच्या चित्रात तळाशी जी फाटकी, सळसळणारी पट्टी असते तिच्यावर १६ ओळींचा काळा पट्टा टाका. ती कधीच सारखी नसते, म्हणून सबंध तीन तास बिट खात राहते. काळा पट्टा काहीच खात नाही. १६ चाच, कारण चौकोन १६ चे आहेत.

पण नव्या कॅमेऱ्याचं रुंद चित्र या चौकटीत घालू नका. १६:९ ची खूण नियमाप्रमाणे फक्त ७२० आणि ७०४ रुंदीला लावता येते. ३५२ ला लावली तर काही प्लेअर ती मानतात, काही मानत नाहीत आणि माणसं उंच, बारीक दिसतात. म्हणजे पाच तासांच्या रुंद रेकॉर्डिंगला ही पळवाट नाहीच.

मग उरतात दोन तबकड्या. इथे निम्मे-निम्मे तोडायची गरज नाही. आडदसर आणि आख्यानातला संवादांचा भाग तिवईवरून घेतलेला असेल तर १७० मिनिटं पहिल्या तबकडीत जातात, ३,५०० च्या आसपास बिटरेटवर. युद्धं आणि धयकालो मिळून १३० मिनिटं दुसऱ्या तबकडीत, ४,६०० वर. भूक जिथे जास्त तिथे मिनिटं कमी. तोड प्रवेश संपतो तिथे घ्या, पात्र बोलत असताना नको. हातात धरून घेतलेलं रेकॉर्डिंग असेल तर सरळ तीन तबकड्या कराव्यात.

दोनपदरी डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात; सहा लाखाच्या जागी १० लाख ८० हजार धरा. कागदावर छान दिसतं. अडचण अशी की जुने प्लेअर या तबकड्यांवर जास्त अडखळतात, ड्राइव्हही त्या जास्त वाया घालवतात, आणि पहिला पदर संपून लेझर दुसऱ्यावर जाते तिथे चित्र क्षणभर थांबतं. ती जागा इमगबर्नसारखं सॉफ्टवेअर विचारून घेतं. काळ्या पडद्यावर किंवा प्रवेशाच्या शेवटी द्या. तबकडी गावात दहा घरांत जाणार असेल तर दोन साध्या तबकड्याच बऱ्या.

चौकटींच्या गतीत होणारी चूक बिटरेटच्या माथी मारली जाते, म्हणून तीही सांगतो. इंटरलेस चित्रात प्रत्येक चौकट दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, येते. एचडी कॅमेऱ्याचं असं चित्र वरच्या फील्डने सुरू होतं, जुन्या मिनी डीव्हीचं खालच्या. सॉफ्टवेअरला उलट सांगितलं तर हलणारा प्रत्येक हात पुढे-मागे थरथरतो. बिटरेट कितीही वाढवा, थरथर जात नाही. दोन्ही क्रम डीव्हीडीला चालतात, फक्त खूण खरी हवी. मोबाइलचं रेकॉर्डिंग ३० चौकटींचं असतं, तेही नेमकं नव्हे, उजेडाप्रमाणे मागे-पुढे. ते सरळ पॅलच्या २५ मध्ये कोंबलं की दर सेकंदाला पाच चौकटी गळतात, वरात अडखळत चालते, आणि तासाभराने आवाज ओठांशी जुळेनासा होतो. आधी त्याची गती स्थिर करून घ्या, मग एनटीएससी, म्हणजे ७२० बाय ४८०, २९.९७ चौकटी, अशी डीव्हीडी करा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती वाचतात.

एक खबरदारी अशी की हलता मेनू टाळा. मागे गाणं आणि व्हिडिओ चालणारा मेनू शंभरेक एमबी घेतो. एक स्थिर फोटो आणि त्यावर ठळक मराठी अक्षरात प्रवेशांची नावं पुरतात. म्हाताऱ्या माणसांना रिमोटने तेच सोपं जातं.

बर्न करताना जागेचा प्रश्न पुन्हा वर येतो. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, साधारण २४ मिलिमीटर त्रिज्येपासून ५८ पर्यंत. काठोकाठ भरलेल्या तबकडीचा शेवट अगदी कडेला येतो, जिथे रंगाचा थर कमी एकसारखा, तबकडीचं डुलणं जास्त आणि बोटांचे ठसे नेहमीचे. 'शेवटची दहा मिनिटं अटकते' ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. म्हणून सहा लाख हा कडेपर्यंतचा आकडा समजा आणि प्रत्यक्षात ५,८०,००० ने हिशोब करा. सुमारे दीडशे एमबी कड मोकळी राहते आणि बिटरेटचा फरक डोळ्यांना कळत नाही.

वेग १६ एक्सच्या तबकडीला ८ एक्स ठेवा; पूर्ण तबकडीला ८ ते १० मिनिटं लागतात. सगळ्यात कमी वेग सगळ्यात चांगला हा समज जुना आहे, आजच्या तबकड्यांचा रंग त्या वेगासाठी बनवलेला नसतो. बर्न झाल्यावर व्हेरिफाय चालवा. तबकडी फायनलाइझ, म्हणजे शेवटची नोंद लिहून बंद, झाली नाही तर कॉम्प्युटर वाचतो पण प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. व्हिडिओ टीएस फोल्डर नुसता ओढून डेटा डिस्कसारखा टाकू नका, 'डीव्हीडी व्हिडिओ' हाच प्रकार निवडा. फायलींचा क्रम आणि त्यांच्यातलं अंतर प्लेअरला नेमकं लागतं. आणि वाऱ्या-पावसाच्या दिवसांत डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय बर्न करू नका. बफर रिकामा झाला तर आजचे ड्राइव्ह सावरतात, वीज गेली तर एकदा लिहायची तबकडी गेलीच. लॅपटॉपवर हे काम त्या मानाने निर्धास्त होतं.

खाऱ्या, दमट हवेत तबकडी ठेवण्याचं वेगळं शास्त्र आहे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरचे दोन पातळ प्लास्टिकचे पत्रे, मध्ये रंगाचा आणि चमकत्या धातूचा थर, आणि सगळं डिंकाने चिकटवलेलं. दमटपणा कडेने आत शिरतो. कागदी पाकीट ओल धरतं, बुरशीला घर देतं. कडक प्लास्टिकच्या केसमध्ये, उभी, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. वर चिकटवायचं लेबल नको, दमटपणात ते फुगून एका बाजूला ओढतं आणि तबकडी डुलते. नाव लिहायला पाण्याच्या शाईचं मार्कर, बॉलपेन अजिबात नाही. बुरशीचा डाग पुसायचा तर मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल गोल नव्हे.

कॅमेऱ्यातल्या मूळ फायली मात्र हार्डडिस्कवर राहू द्या. २४ मेगाबिटचं पाच तासांचं रेकॉर्डिंग ५४ जीबी होतं, ते एका डीव्हीडीत कधीच मावणार नव्हतं, आणि डीव्हीडीवरून पुन्हा दुसरं काही बनवलं तर दाबलेलं चित्र परत दाबलं जातं. पेन ड्राइव्हवर द्यायचं असेल तर फॅट-३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, तुकडे करून द्या.

पावसाळ्यात, गणपतीला चाकरमानी यायच्या आधी जुन्या तबकड्या एकदा बाहेर काढा. पूर्ण बघत बसायला नको. सरळ शेवटच्या अध्यायावर जा आणि पाच मिनिटं चालू द्या. तिथे अटकायला लागली असेल तर खराबी कडेने सुरू झाली आहे. अशी तबकडी प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा लावू नका. त्याच दिवशी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून, वाचायचा वेग कमी करून, तिची पूर्ण इमेज, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढून घ्या.